आधी कोपरा पाहा, मग घुमट
कलबुर्गी–बीदर–विजापूर सहलीला येणाऱ्या पाहुण्यांसाठी

सप्रेम नमस्कार.

वेळापत्रक हातात पडलं की बहुतेक पाहुणे एकच प्रश्न विचारतात. सोलापूरहून विजापूर जेमतेम शंभर किलोमीटर, मग गोलघुमट अगदी शेवटी का ठेवलाय? प्रश्न रास्त आहे. सुरुवातीला आम्हीही सोयीसाठी विजापूर आधी घेत असू. लोक गोलघुमटाच्या सज्जात उभं राहून टाळ्या वाजवायचे, प्रतिध्वनी मोजायचे, खूश व्हायचे. पुढे बीदरला मात्र त्यांचं लक्ष लागत नसे. "एवढं मोठं पाहून आलो, आता हे काय पाहायचं," असा चेहरा असे. आता क्रम उलटा केला आहे. दख्खनच्या कारागिरांना जे कोडं सोडवायला तीनशे वर्षं लागली, ते आपण त्यांच्याच क्रमाने पाहतो.

कोडं असं : खोली चौकोनी, घुमट गोल. चौकोनावर गोल ठेवला की चार कोपरे उघडे पडतात. त्या कोपऱ्यांचं काय करायचं? कबरीच्या इमारतीत शिरलं की नजर आपोआप वर, मधोमध जाते. आमची विनंती आहे की आधी कोपऱ्यात पाहा. भिंत संपते आणि घुमट सुरू होतो, त्या हातभर जागेत कारागिराची सगळी अक्कल दिसते.

कलबुर्गी (जुनं गुलबर्गा)

१३४७ मध्ये दिल्लीच्या तुघलकांशी फारकत घेऊन बहमनी राज्य उभं राहिलं आणि गुलबर्गा त्याची राजधानी झाली. राज्य वेगळं झालं तरी हात दिल्लीचेच होते. पहिल्या सुलतानांच्या कबरी पाहा : भिंती तळाशी रुंद, वर जाताना आत कललेल्या, डोक्यावर बसका घुमट. कोपऱ्यात एकेक तिरकी कमान टाकून चौकोनाचा अष्टकोन केला आणि त्यावर घुमट बसवला. साधा, भरवशाचा उपाय. इथे अर्धा तास पुरतो.

हफ्त गुंबज या कबरींच्या समूहात फिरोजशहा बहमनीची (मृत्यू १४२२) कबर आहे, तिथे मात्र थांबू. ही जोडकबर आहे. दोन घुमट, दोन दालनं. बाहेरून कमानींच्या दोन ओळी एकावर एक, आणि छज्जाखाली त्याला पेलणारे दगडी हस्त (आधार) असे, की आपल्याकडच्या देवळाच्या मंडपातून उचलून आणल्यासारखे वाटावेत. कारागीर इथलेच होते, त्यांच्या हाताला तीच सवय होती. आत चुन्याच्या गिलाव्यात कोरलेली नक्षी अजून चांगली टिकली आहे. त्याच वर्षी सूफी संत बंदानवाज गेसूदराज यांचंही निधन झालं. त्यांच्या दर्ग्यात आपण जातो. डोकं झाकायला रुमाल किंवा ओढणी जवळ ठेवा, चपला बाहेर काढाव्या लागतात.

बीदर

फिरोजचा भाऊ अहमदशहा याने राजधानी बीदरला नेली. इथे दगड बदलतो. कलबुर्गी आणि विजापूर काळ्या कातळाचे, तर बीदर जांभ्याचं. जांभा सच्छिद्र, त्यावर बारीक कोरीवकाम होत नाही. म्हणून बीदरच्या कारागिरांनी नक्षीसाठी गिलावा, रंग आणि इराणी धर्तीच्या चकाकत्या फरशा वापरल्या. बहमनी वजीर महमूद गावानचा मदरसा (१४७२) पाहताना हे लक्षात येतं. सतराव्या शतकाच्या अखेरीस तिथे साठवलेल्या बंदुकीच्या दारूचा स्फोट झाला आणि निम्मी इमारत उडाली. उरलेल्या मिनारावर निळ्या, पांढऱ्या, पिवळ्या फरशा आजही चिकटून आहेत. एवढ्या स्फोटानंतर आणि पावसानंतर त्या जागच्या हललेल्या नाहीत, याचं श्रेय चुन्याला.

या चुन्याबद्दल दोन शब्द, कारण पाहुणे हमखास विचारतात. पाण्यात विरवलेला चुना वाळूबरोबर बैलाने फिरवलेल्या घाण्यात दिवसचे दिवस मळत. त्यात गूळ, हिरड्याचं पाणी असे पदार्थ घालत. असा चुना सिमेंटसारखा झटपट घट्ट होत नाही, हळूहळू हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत दगड बनतो. इमारत थोडी खचली तर तोही थोडा सांभाळून घेतो. म्हणून जुन्या घुमटाला सिमेंटचा गिलावा लावलेला दिसला की आम्हाला वाईट वाटतं. ओल आत अडकते आणि जुना चुना भुसभुशीत होतो.

बीदरपासून जवळच अष्टूर गावी बहमनी सुलतानांच्या कबरी एका ओळीत आहेत. अहमदशहाच्या कबरीत (मृत्यू १४३६) शिरल्यावर काही क्षण काहीच दिसत नाही. घाई करू नका, डोळे सरावू द्या. मग छतातून सोनेरी, शेंदरी, निळा रंग हळूहळू वर येतो. अक्षरं, वेलबुट्टी, वर्तुळात वर्तुळं. आमच्या मते संपूर्ण सहलीतली ही सर्वांत सुंदर खोली आहे. फ्लॅश वापरू नका, रंगांना त्रास होतो. आपल्या मार्गदर्शकाकडे दुर्बीण असते, ती मागून घ्या. या सुलतानाला लोक 'वली' म्हणतात. मुसलमान त्याला पीर मानतात, लिंगायत अल्लमप्रभूंचं रूप मानतात आणि उरुसाला जंगमांचा मान असतो. दर्शनाला आलेल्या माणसांना आधी जाऊ द्या.

याच ओळीत हुमायूनशहाची कबर आहे. तिचा घुमट अर्धा कोसळला आहे. पुष्कळ जण ती टाळून पुढे जातात. आपण तिथे मुद्दाम थांबतो. घुमटाची जाडी, आतले विटांचे थर, मधला चुना, सगळं कापून ठेवल्यासारखं दिसतं. पुढे गोलघुमटाखाली उभं राहाल तेव्हा ही कबर आठवा.

बहमनींनंतर बीदरवर राज्य करणाऱ्या बरीदशाही घराण्यातल्या अली बरीदची कबर बीदरच्या दुसऱ्या टोकाला आहे. ही बांधून १५७७ मध्ये पूर्ण झाली, म्हणजे त्याच्या हयातीतच. चारही बाजूंना मोठ्या उघड्या कमानी आहेत, दार असं नाहीच. वारा आरपार जातो. संध्याकाळी तिथे बसायला फार बरं वाटतं, म्हणून चहाचा थर्मास आम्ही तिथेच उघडतो.

विजापूर (आता विजयपुरा)

इथे कोपऱ्याचं उत्तर बदलतं. जामा मशिदीत मधल्या घुमटाखाली उभे राहा आणि वर पाहा. एका कोपऱ्याला एक तिरकी कमान, असा हिशेब इथे नाही. दोन चौकोन एकमेकांवर तिरके ठेवल्यासारख्या कमानी एकमेकींना छेदत जातात आणि मध्ये आठ टोकांची चांदणी तयार होते. तालिकोटच्या लढाईनंतर (१५६५) पहिल्या अली आदिलशहाने ही मशीद बांधायला घेतली. सत्तर-ऐंशी वर्षांनी गोलघुमटात जे करायचं होतं, त्याचा हात इथे बसला.

इब्राहिम रौझा (१६२६-२७) पाहायला दोन तास ठेवले आहेत, कमी पडतील. एका चौथऱ्यावर समोरासमोर कबर आणि मशीद, मध्ये हौद. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाला संगीताचं वेड होतं, 'जगद्गुरू' म्हणवून घ्यायला त्याला आवडे. खिडक्यांच्या जाळ्या म्हणजे दगडात कोरलेली अरबी अक्षरंच आहेत. उजेड अक्षरांच्या मधून आत येतो. छज्जाला एकाच दगडातून कोरलेल्या साखळ्या लटकत असत. काही अजून आहेत. आणि आत गेल्यावर छत पाहा. खोली बारा मीटर लांब-रुंद, आणि मधला सात मीटरचा भाग सपाट आहे. खाली खांब नाही, दिसेल अशी तुळई नाही. दगड कडेला कड लावून चुन्याने धरून ठेवले आहेत. बाहेरून दिसणारा घुमट या छताच्या बराच वर, वेगळाच आहे. मलिक संदल या माणसाच्या देखरेखीखाली हे काम झालं.

आता गोलघुमट. मुहम्मद आदिलशहा, म्हणजे शहाजीराजे ज्याच्या दरबारात सरदार होते तो सुलतान, इथे पुरला आहे. वर दिसतात त्या नुसत्या खुणेच्या कबरी. खरं दफन खाली तळघरात. दालन ४१ मीटर लांब-रुंद, म्हणजे जवळपास १७०० चौरस मीटर जागा, मध्ये एकही खांब नाही. चार भिंतींतून आठ कमानी उठतात, एकमेकींना छेदतात आणि वरचं तोंड आवळत सुमारे ३० मीटरच्या वर्तुळावर आणतात. घुमट मात्र आतून ३८ मीटरचा. तो या वर्तुळाच्या काठावर बसत नाही, मागे सरकून बसतो. मध्ये जे रुंद कडं उरतं, तोच कुजबुजीचा सज्जा. घुमटाचा भार भिंतींना बाहेर ढकलतो. आत झुकलेल्या कमानींचं आणि कड्याचं वजन त्यांना आत ओढतं. दोन्ही ओढी एकमेकींना तोलून धरतात. अष्टूरला पाहिलेला फुटका घुमट, जामा मशिदीतली चांदणी, सगळं इथे एकत्र येतं. म्हणून हा शेवटी.

वेळ असला तर बारा कमान पाहून निघू. ज्याच्या कारकिर्दीत अफझलखान विजापुराहून निघाला, त्या दुसऱ्या अली आदिलशहाची ही अपुरी राहिलेली कबर. नुसत्या कमानी आभाळाखाली उभ्या आहेत.

गोलघुमटाला आपण सकाळी दार उघडताच आत शिरतो. उशीर झाला की शाळांच्या सहली येतात, मुलं ओरडतात (त्यांचाही तो हक्क आहे) आणि कुजबूज ऐकू येत नाही. सज्जात जायला कोपऱ्याच्या सात मजली मनोऱ्यातला जिना आहे. पायऱ्या उंच आणि अरुंद आहेत, बसायला जागा कमी. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी आदल्या रात्री मार्गदर्शकाला सांगून ठेवावं. त्यांच्यासाठी खाली दालनात थांबण्याची सोय करतो, आणि तिथून आठही कमानी वरच्यापेक्षा नीट दिसतात. वर गेलेल्यांनी जोडी करून समोरासमोर भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं आणि हळू बोलायचं. पहिली पाच मिनिटं टाळी कोणी वाजवायची नाही, एवढंच आधी ठरवून घेऊ.