हाशोमेर

हाशोमेर : ऑटोमन अमलाखालील पॅलेस्टाइनमध्ये ज्यू वसाहतींच्या राखणीसाठी स्थापन झालेली संघटना (1909–20). हिब्रू भाषेत या शब्दाचा अर्थ ‘पहारेकरी’ असा होतो. पुढे इझ्राएलच्या सैन्याचा पाया ठरलेल्या हागाना या संघटनेची पूर्वसूरी म्हणून तिचा उल्लेख सामान्यतः केला जातो. मात्र हा वारसा वाटतो तितका सरळ नाही.

संघटनेच्या उगमाविषयी दोन मते आढळतात. पहिल्या मतानुसार तिचे मूळ रशियन साम्राज्यातील ज्यू स्वसंरक्षण दलांत आहे. एप्रिल 1903 मध्ये किशिनेव्ह येथे झालेल्या हत्याकांडात 49 ज्यू मारले गेले आणि हिब्रू कवी बियालिक याने त्यावर लिहिलेल्या दीर्घकाव्यात मारेकऱ्यांइतकीच प्रतिकार न करणाऱ्यांवरही झोड उठविली. त्याच वर्षी गोमेल येथे ज्यू तरुणांनी हल्लेखोरांना शस्त्रांनिशी तोंड दिले. त्यानंतरच्या खटल्यात दंगलखोरांबरोबर या तरुणांनाही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्यात आले. दुसऱ्या मतानुसार हाशोमेरचा प्रश्न मुळात वेगळाच होता : पेताह तिक्वासारख्या जुन्या वसाहतींनी आपल्या राखणीची सोय आधीच केलेली होती, अनेक ठिकाणी अरब किंवा सर्केशियन (मूळच्या कॉकेशसमधील मुस्लिम जमातीचे) पहारेकरी पगारी होते, आणि नव्या तरुणांची मागणी ‘हिब्रू श्रमा’च्या तत्त्वातून म्हणजे ज्यू वसाहतीतील काम ज्यूंनीच करावे या आग्रहातून आलेली होती. संस्थापकांची चरित्रे पाहता पहिल्या मताकडे झुकावेसे वाटते. इत्झाक बेन-झ्वी पोल्ताव्हा येथील स्वसंरक्षण दलात होता. 1906 मध्ये झडतीत त्याच्या घरी शस्त्रे सापडल्याने त्याच्या वडिलांना सायबीरियात हद्दपार व्हावे लागले. तरीही रशियातील दलांचा मोठा भाग बुंद या झायनवादविरोधी (पॅलेस्टाइनमध्ये ज्यू राष्ट्र उभारण्याच्या चळवळीस विरोध करणाऱ्या) समाजवादी पक्षाने उभारलेला होता, ही बाब पहिल्या मताचे समर्थक बहुधा विसरतात.

सप्टेंबर 1907 च्या अखेरीस (काही ठिकाणी 28, तर काही ठिकाणी 29 तारीख दिली जाते) बेन-झ्वीच्या याफा येथील खोलीत मोजके तरुण जमले आणि त्यांनी बार-गियोरा ही गुप्त संघटना स्थापन केली. इ. स. 66–70 मधील रोमविरोधी उठावाच्या एका नेत्याचे हे नाव होय. ‘रक्त आणि अग्नी यांत जूडीआ (ज्यूंची प्राचीन भूमी) पडली, रक्त आणि अग्नी यांतूनच ती उठेल’ हे संघटनेचे ब्रीद याकोव्ह कोहेनच्या कवितेतून घेतलेले आहे. इझ्राएल शोहात, अलेक्झांडर झाइद, मेंडेल पोर्तुगाली, इझ्राएल गिलादी हे त्यातील प्रमुख होत. गॅलिलीतील सेजेरा येथील शेतावर त्यांना पहिली राखण मिळाली. तिथल्या सर्केशियन पहारेकऱ्याचा निष्काळजीपणा सिद्ध करण्यासाठी त्यांनी एका रात्री तबेल्यातील उत्तम जनावर गुपचूप बाहेर काढले आणि व्यवस्थापकाला उठविले. पहारेकरी जागेवर नव्हता, अशी हकिगत आठवणींतून सांगितली जाते. त्याच शेतावर मान्या व्हिल्बुशेविच (विवाहोत्तर शोहात) हिने सामुदायिक शेतीचा प्रयोग केला; किबुत्झ या सामुदायिक शेतवसाहतींच्या पूर्वेतिहासात त्याला स्थान आहे.

12 एप्रिल 1909 रोजी मेस्हा (आताचे कफार तावोर) येथे वल्हांडण सणाच्या दिवसांत हाशोमेर उघडपणे स्थापन झाली. राखणीचा करार वसाहतीशी लेखी होई व चोरी झाल्यास भरपाई पहारेकऱ्यांना द्यावी लागे. उमेदवाराला साधारण वर्षभराच्या कसोटीनंतरच सभासद करून घेत. त्यामुळे पूर्ण सभासदांची संख्या नेहमी मर्यादितच राहिली. अरबी डोक्याचा रुमाल, छातीवर काडतुसांचा पट्टा आणि घोडा असा त्यांचा थाट असे; ज्यांच्यापासून राखण करायची त्यांचीच रीतभात उचलण्यातली विसंगती समकालीनांनाही जाणवत होती. कॉकेशसमधून आलेला येहेझकेल निसानोव्ह 1911 मध्ये आपली खेचरे लुटारूंच्या हवाली करण्यास नकार देऊन मारला गेला. जनावर देऊन जीव वाचविणाऱ्या सोबत्यांना तो आधी टोचून बोलत असे.

हाशोमेरचे काम निव्वळ चोऱ्या रोखण्यापुरते नव्हते. सुरसुक या जमीनदार घराण्याकडून खरेदी केलेल्या अल-फूला गावच्या जमिनीवर 1911 मध्ये मेरहाविया वसविताना तेथील अरब कुळांचा विरोध झाला, आणि नाझरेथचा कायमकाम (ऑटोमन उपजिल्हाधिकारी) शुक्री अल-असाली यानेही त्या विक्रीस हरकत घेतली. अरब राष्ट्रीय जागृतीच्या इतिहासात हे प्रकरण महत्त्वाचे मानले जाते. ज्यू शेतमालकांनाही पहारेकऱ्यांचा दिमाख, वाढता खर्च आणि शेजाऱ्यांशी होणारे तंटे रुचत नसत, आणि काही वसाहतींनी करार पुढे चालविले नाहीत.

पहिल्या महायुद्धात ऑटोमन सरकारने शस्त्रे जप्त केली व शोहात दांपत्याला अनातोलियात हद्दपार केले. पुढे काही सभासद ब्रिटिश सैन्यातील ज्यू पलटणींत दाखल झाले. मार्च 1920 मधील तेल हाय या उत्तर गॅलिलीतील ज्यू वसाहतीतील चकमक आणि एप्रिलमधील जेरूसलेमची दंगल यांनंतर मजूर पक्षाच्या वर्चस्वाखालील व्यापक संरक्षण दलाची गरज पटली. हाशोमेर विसर्जित होऊन जूनमध्ये हागानाची स्थापना झाली. बंदिस्त निवडक पथक की सर्व श्रमिकांचे दल, हा वाद मात्र विसर्जनाने मिटला नाही. कफार गिलादी येथे (स्थापना 1916) राहणाऱ्या जुन्या सभासदांनी स्वतंत्र शस्त्रसाठा राखला आणि 1929 च्या दंगलींपर्यंत तो हागानाच्या ताब्यात दिला नाही.