रंगांधत्व : पुरुषांत जास्त का

रंगांधत्व (वर्णांधत्व) म्हणजे काही रंगांमधला फरक डोळ्यांना न कळणे. नाव जरा फसवे आहे, कारण रंगांध माणसाला सहसा जग काळे-पांढरे दिसत नाही. बहुतेकांचा घोळ तांबडा, हिरवा, तपकिरी आणि नारिंगी यांच्यात होतो. निळा आणि पिवळा त्यांना नीट ओळखता येतात. उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत शंभर पुरुषांमागे सुमारे ८ जणांना, तर दोनशे बायकांमागे एखादीलाच हा दोष असतो. भारतात पुरुषांमधले प्रमाण याहून कमी आहे, तफावत मात्र तशीच.

मुंबईच्या घरात हे बिंग मे महिन्यात हापूसच्या पेटीपाशी फुटू शकते. ‘पिकलेले चार काढ’ म्हटल्यावर गवतातून हिरवट आंबे उचलणारा मुलगा वेंधळा ठरतो. पुढे तो देठापाशी वास घेऊन, बोटाने हलके दाबून आंबा निवडायला शिकतो, आणि गोष्ट तिथेच राहते. चौकातला सिग्नलही तो जागेवरून ओळखतो : वरचा तांबडा, खालचा हिरवा. रुळांवर रात्री लांबून एकच दिवा दिसतो, तिथे ही युक्ती लंगडी पडते. म्हणून लोकलच्या मोटरमनची रंगदृष्टी तपासली जाते. शिनोबू इशिहारा यांची १९१७ मधली ठिपक्यांची पाने त्यासाठी सर्वत्र प्रसिद्ध आहेत. त्यांतल्या एका पानावर इतरांना ७४ दिसतात, तांबडा-हिरवा न कळणाऱ्याला २१.

दृष्टिपटलावर रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी तीन प्रकारच्या असतात. त्यांपैकी दोन प्रकारांच्या, म्हणजे ढोबळमानाने ‘तांबड्या’ आणि ‘हिरव्या’ पेशींच्या रंगद्रव्यांची जनुके एक्स गुणसूत्राच्या टोकाला शेजारी शेजारी बसलेली आहेत. ती जुळ्या भावंडांइतकी सारखी असल्याने बीजांड तयार होताना गुणसूत्रांची देवाणघेवाण तिरपी होते. एखादे जनुक गळते किंवा दोन मिळून एक संकरित जनुक बनते. पुरुषाकडे एकच एक्स असतो. तो बिघडला की बदली नाही. स्त्रीकडे दोन असतात, एक धड असला की बहुधा निभावते.

हिशेब सोपा आहे. दर शंभर एक्समागे ८ सदोष धरले, तर दोन्ही सदोष असण्याची शक्यता ०.०८ × ०.०८, म्हणजे दहा हजारांत ६४. प्रत्यक्षात रंगांध बायका याहूनही थोड्या कमी असतात. एका एक्सवर ‘तांबड्या’चा आणि दुसऱ्यावर ‘हिरव्या’चा बिघाड असेल, तर दोन्ही एकमेकांची उणीव भरून काढतात.

बापाकडून मुलाला वाय जातो, एक्स नाही. त्यामुळे हा दोष बापाकडून मुलाकडे उतरत नाही, तो येतो आजोळहून. रंगांध आजोबांच्या प्रत्येक मुलीकडे सदोष एक्स जातो. ती स्वतः बहुधा रंग बरोबर ओळखते, पण तिच्या प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी. ‘मामाच्या वळणावर गेला’ हे नाका-डोळ्यांबद्दल म्हणतात, इथे ते जनुकांबाबतही खरे ठरू शकते. मुलगी रंगांध निघाली, तर मात्र वडीलही रंगांध असतात.

रसायनशास्त्रज्ञ जॉन डाल्टन यांनी १७९४ मध्ये स्वतःच्या रंगदृष्टीवर निबंध वाचला. त्यांच्या भावालाही रंग तसेच दिसत, म्हणजे उगम आईकडे होता. डाल्टन यांना मात्र आपल्या डोळ्यातला द्रव निळसर असावा असे वाटे. मृत्यूनंतर डोळा उघडला तेव्हा द्रव स्वच्छ निघाला. जपून ठेवलेल्या त्याच डोळ्याच्या डीएनएवरून १९९५ मध्ये ‘हिरव्या’ रंगद्रव्याचा अभाव सिद्ध झाला. हा दोष एक्स गुणसूत्राशी जोडला गेला तो १९११ मध्ये, एडमंड विल्सन यांच्याकडून.

निळा-पिवळा न कळण्याचा दुर्मीळ आनुवंशिक प्रकार निराळा. त्याचे जनुक सातव्या गुणसूत्रावर आहे, आणि ते गुणसूत्र सर्वांकडे जोडीनेच असते. म्हणून तो मुलगे आणि मुली दोघांत सारखाच आढळतो.