कॉनरॅट, जोडी

जोडी कॉनरॅट (जन्म १३ मे १९४१) या अमेरिकेतील महिला महाविद्यालयीन बास्केटबॉलच्या अग्रगण्य प्रशिक्षक आणि क्रीडा प्रशासक होत. ऑस्टिन येथील टेक्सस विद्यापीठाच्या महिला संघाचे मुख्य प्रशिक्षकपद त्यांनी १९७६ ते २००७ अशी सलग ३१ वर्षे सांभाळले आणि त्यांतील १९९२ ते २००१ या काळात त्याच विद्यापीठाच्या महिला क्रीडा विभागाचे संचालकपदही त्यांच्याकडे होते. सॅम ह्यूस्टन स्टेट, आर्लिंग्टन व ऑस्टिन या तिन्ही विद्यापीठांतील कामगिरी धरून त्यांच्या संघांनी ९०० सामने जिंकले. १९८६ मध्ये त्यांचा संघ ३४ पैकी ३४ सामने जिंकून राष्ट्रीय विजेता ठरला. राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेच्या (एनसीएए) महिला स्पर्धांत एकही सामना न हरता विजेतेपद मिळवणारा तो पहिला संघ होता.

कॉनरॅट यांचा जन्म टेक्सस राज्यातील गोल्डथ्वेट या लहानशा गावी झाला आणि शालेय संघाकडून त्या सामन्यामागे सरासरी ४० गुण मिळवीत असत. हा आकडा समजून घ्यायचा तर त्या काळच्या मुलींच्या खेळाचे नियम ध्यानात घ्यावे लागतात. टेक्ससच्या शाळांत मुली तेव्हा पाचऐवजी सहा जणींच्या संघाने खेळत. तीन जणी केवळ चढाई करीत, तीन केवळ बचाव, आणि मैदानाची मधली रेषा ओलांडण्याची कोणालाच मुभा नसे. चेंडूचे टप्पेही मोजकेच घेता येत. पूर्ण मैदानभर धावणे मुलींच्या प्रकृतीस झेपणार नाही, या समजुतीतून आलेली ही पद्धत टेक्ससमध्ये १९७० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत टिकून होती. साहजिकच चांगल्या चढाईपटूच्या वाट्याला भरपूर गुण येत, बचाव शिकण्याचा प्रसंग मात्र तिच्यावर कधी येत नसे. अशा अर्ध्या मैदानावर वाढलेल्या खेळाडूचे संघ पुढे संपूर्ण मैदानभर प्रतिस्पर्ध्याला दाबून धरणाऱ्या बचावासाठी ओळखले गेले, हे विशेष होय.

वेको येथील बेलर विद्यापीठातून १९६३ मध्ये पदवी घेतल्यावर त्यांनी तेथील मिडवे माध्यमिक शाळेत शिक्षिका व प्रशिक्षक म्हणून काम केले आणि नोकरी करीतच १९६९ मध्ये बेलरची पदव्युत्तर पदवी मिळवली. त्याच वर्षी त्या हंट्सव्हिलच्या सॅम ह्यूस्टन स्टेट विद्यापीठात रुजू झाल्या. तेथील चार हंगामांत त्यांच्या बास्केटबॉल संघाने ७४ सामने जिंकले व २३ गमावले. या आकड्यांत न दिसणारी गोष्ट अशी की, बास्केटबॉलबरोबर व्हॉलिबॉल आणि मैदानी खेळांचे संघही त्यांच्याच गळ्यात होते. महिलांच्या संघांना त्या काळी स्वतंत्र अंदाजपत्रक क्वचितच मिळे. प्रवासाची सोय, गणवेश, सामन्यांच्या तारखा ठरवणे ही सगळी कामे प्रशिक्षिकेनेच निभावायची असत, आणि बहुतेक ठिकाणी हे काम वर्ग शिकवण्याच्या नोकरीला जोडून येई. १९७३ मध्ये त्या आर्लिंग्टन येथील टेक्सस विद्यापीठात महिला क्रीडा समन्वयक म्हणून गेल्या. तेथे बास्केटबॉलमधील त्यांची कामगिरी ४३ विजय व ३९ पराभव अशी बेताचीच राहिली; तथापि एका विद्यापीठाचा संपूर्ण महिला क्रीडा विभाग चालवण्याचा पहिला अनुभव त्यांना याच तीन वर्षांत मिळाला.

दरम्यान परिस्थिती पालटत होती. जून १९७२ मध्ये संमत झालेल्या संघराज्याच्या शिक्षणविषयक कायद्यातील नववे प्रकरण, जे ‘टायटल नाइन’ या नावाने प्रसिद्ध आहे, त्याने सरकारी निधी घेणाऱ्या कोणत्याही शिक्षणसंस्थेत लिंगाच्या आधारे भेदभाव करण्यास मनाई केली. कायद्याच्या मूळ मजकुरात खेळांचा उल्लेखही नव्हता, परंतु त्याची सर्वांत मोठी झळ महाविद्यालयीन क्रीडाविभागांनाच बसली. टेक्ससमध्ये, जेथे अमेरिकी फुटबॉल हा जवळजवळ धर्मच मानला जातो, विरोध तीव्र होता. उत्पन्न देणारे खेळ या कायद्यातून वगळावेत, अशी दुरुस्ती टेक्ससचेच सिनेटर जॉन टॉवर यांनी मांडली होती. ती टिकली नाही. १९७५ मध्ये ऑस्टिनच्या टेक्सस विद्यापीठाने महिलांसाठी स्वतंत्र क्रीडा विभाग स्थापून डॉना लोपियानो यांची संचालक म्हणून नेमणूक केली आणि पुढच्याच वर्षी लोपियानो यांनी बास्केटबॉल संघासाठी रॉडनी पेज यांच्या जागी कॉनरॅट यांना आणले. पुरुषांच्या विभागापासून अलग, स्वतःची संचालक आणि स्वतःचा खर्च असलेली ही रचना कॉनरॅट यांच्या पुढील यशाचा पाया ठरली. केवळ मैदानावरील निकाल मोजून त्यांच्या कारकिर्दीचे मूल्यमापन करणारे लेखन ही बाब हमखास निसटून जाऊ देते.

विद्यापीठ आणि महिलांच्या क्रीडासंघटना यांचे नाते १९८२ मध्ये कसाला लागले. तोवर महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धा महिलांनीच चालवलेली एआयएडब्ल्यू ही संघटना भरवीत असे. १९८१–८२ च्या हंगामात एनसीएएने आपल्या महिला स्पर्धा सुरू करताच बहुतेक बलाढ्य संघ तिकडे गेले. लोपियानो या एआयएडब्ल्यूच्या अध्यक्ष राहिलेल्या असल्याने टेक्सस जुन्या संघटनेतच राहिले आणि कॉनरॅट यांच्या संघाने तिच्या शेवटच्या राष्ट्रीय स्पर्धेची अंतिम फेरी गाठली. तेथे रटगर्स विद्यापीठाने त्यांना ८३–७७ असे हरवले. त्यानंतर ती संघटनाच बंद पडली.

पुढील वर्षांत टेक्ससचा दबदबा निर्विवाद होता. साउथवेस्ट कॉन्फरन्स या विद्यापीठांच्या स्पर्धागटातील संघांविरुद्ध त्यांनी १९७८ पासून सलग १८३ सामने जिंकले. ही मालिका १९९० मध्ये आर्कन्सॉ विद्यापीठाने खंडित केली. राष्ट्रीय विजेतेपद मात्र हुलकावणी देत राहिले. १९८५ ची अंतिम चार संघांची फेरी ऑस्टिनमध्येच व्हायची होती आणि यजमान संघ तेथे असणारच असे गृहीत धरले जात होते. पण विभागीय फेरीत वेस्टर्न केंटकीच्या लिली मेसन हिने शेवटच्या क्षणी टाकलेला चेंडू बास्केटमध्ये गेला आणि टेक्सस ९२–९० असे बाहेर पडले. घरच्या मैदानावरील सोहळा त्यांच्याविनाच पार पडला.

वर्षभरातच त्याची भरपाई झाली. १९८६ च्या उपांत्य सामन्यात त्याच वेस्टर्न केंटकीला हरवून टेक्ससने लेक्सिंग्टनच्या रप अरीना येथे ३० मार्च रोजी सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाशी अंतिम सामना खेळला. प्रतिस्पर्धी संघात शेरिल मिलर ही त्या काळातील सर्वांत गाजलेली खेळाडू होती व सिंथिया कूपरही होती. टेक्ससने सामना ९७–८१ असा जिंकला. त्यात सर्वाधिक चमकलेली क्लॅरिसा डेव्हिस ही पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी होती आणि ती सुरुवातीच्या पाच खेळाडूंत नव्हती. राखीव खेळाडू म्हणून उतरून तिने २४ गुण आणि १४ रिबाउंड (हुकलेल्या फेकीनंतर ताब्यात घेतलेले चेंडू) मिळवले व स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मानही पटकावला. कॉनरॅट यांच्या पद्धतीचे मर्म या एका सामन्यात दिसते. एखाद्या तारांकित खेळाडूभोवती संघ न उभारता त्या ताज्या दमाच्या खेळाडू आलटून-पालटून उतरवीत, वेग सतत चढा ठेवीत आणि उत्तरार्धात प्रतिस्पर्ध्याची दमछाक होईल असे पाहत. केमी एथ्रिज, अँड्रिया लॉइड, फ्रॅन हॅरिस आणि बेव्हर्ली विल्यम्स या त्या संघातील अन्य प्रमुख खेळाडू होत. एथ्रिज आणि लॉइड १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवणाऱ्या अमेरिकी संघात होत्या. टेक्ससनंतर असा अपराजित हंगाम पुन्हा पाहायला मिळण्यास नऊ वर्षे लागली. १९९५ मध्ये कनेटिकट विद्यापीठाने तो साधला. कॉनरॅट यांच्या मार्गदर्शनाखाली १९८७ मध्ये अमेरिकेच्या महिला संघाने पॅन अमेरिकन स्पर्धेतही सुवर्णपदक मिळवले.

या यशाचा दुसरा भाग प्रेक्षागारात घडत होता. महिलांचा सामना पाहण्यास तिकीट काढून कोणी येत नाही, हा तेव्हाचा सर्वमान्य समज ऑस्टिनने खोटा ठरवला. १९८७ ची अंतिम चार संघांची फेरीही तेथेच झाली. टेक्ससचा संघ उपांत्य सामन्यात लुइझियाना टेककडून हरला, तरी फ्रँक अर्विन सेंटरमध्ये पंधरा हजारांहून अधिक प्रेक्षक जमले होते. नेहमीच्या प्रेक्षकांत पुढे राज्यपाल झालेल्या ॲन रिचर्ड्स आणि अमेरिकेच्या संसदेच्या (काँग्रेसच्या) माजी सदस्य बार्बरा जॉर्डन यांचा समावेश असे. जॉर्डन चाकाच्या खुर्चीतून सामन्यांना येत आणि खेळाडूंना व पंचांना मोठ्याने सूचना करण्यात मागे राहत नसत. राजकीय वजन असलेल्या स्त्रियांचा हा पाठिंबा विभागाला निधी उभारतानाही उपयोगी पडला असणार, यात शंका नाही.

१९९२ मध्ये लोपियानो विद्यापीठ सोडून गेल्यावर संचालकपद कॉनरॅट यांच्याकडे आले. अमेरिकेतील क्रीडा संचालक हे पद आपल्याकडील विद्यापीठांच्या शारीरिक शिक्षण संचालकापेक्षा पुष्कळ वेगळे असते. प्रशिक्षकांच्या नेमणुका, शिष्यवृत्त्या, तिकीटविक्री, देणग्या, दूरचित्रवाणीचे करार आणि कायदेशीर जबाबदाऱ्या असा व्याप त्यात येतो. कॉनरॅट यांनी हा व्याप संघाचे प्रशिक्षण न सोडता स्वीकारला. पद हाती आले तेच एका खटल्यासह. विद्यापीठाच्या एकूण विद्यार्थ्यांत जवळपास निम्म्या मुली असताना खेळाडूंत त्यांचे प्रमाण जेमतेम एक चतुर्थांश आहे, अशी तक्रार करून काही विद्यार्थिनींनी टायटल नाइनखाली १९९२ मध्ये न्यायालयात धाव घेतली होती. महिला खेळांत देशभर आदर्श मानल्या गेलेल्या विद्यापीठावर हा ठपका येणे विसंगत वाटते, परंतु तक्रार रास्त होती. मोजके संघ उत्तम चालवणे आणि पुरेशा मुलींना खेळायची संधी देणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. १९९३ मध्ये तडजोड होऊन काही वर्षांत हे प्रमाण सुमारे ४४ टक्क्यांपर्यंत नेण्याचे विद्यापीठाने मान्य केले. त्यानुसार महिलांचे सॉकर व सॉफ्टबॉलचे संघ उभे राहिले. पुढे नौकानयनाचीही भर पडली. या नव्या संघांची घडी बसवणे हे प्रशासक म्हणून कॉनरॅट यांचे सर्वांत टिकाऊ काम मानावे लागेल.

दोन पदांची किंमत बास्केटबॉल संघाने मोजली. १९९० च्या दशकात विजयांचा वेग मंदावला आणि काही हंगामांत पराभवच अधिक झाले. १९९६ पासून बिग ट्वेल्व्ह या नव्या कॉन्फरन्समधील स्पर्धा अधिक कडवी होती, आणि अन्य विद्यापीठांनीही आता महिला संघांवर सढळ हाताने खर्च सुरू केला होता, हेही खरे. तरी डिसेंबर १९९७ मध्ये त्यांनी ७०० विजयांचा टप्पा गाठला, जो त्यापूर्वी महिला बास्केटबॉलच्या कोणत्याही प्रशिक्षकाने गाठला नव्हता. २००१ मध्ये त्यांनी संचालकपद क्रिस प्लॉन्स्की यांच्याकडे सोपवले. त्यानंतर दोनच वर्षांत त्यांचा संघ सोळा वर्षांच्या खंडानंतर पुन्हा अंतिम चारांत पोहोचला; अटलांटा येथील उपांत्य सामन्यात कनेटिकटने त्यांना ७१–६९ असे निसटते हरवले.

मार्च २००७ मध्ये कॉनरॅट निवृत्त झाल्या आणि ड्यूक विद्यापीठाच्या गेल गोस्टेनकोर्स यांनी त्यांची जागा घेतली. टेक्ससमधील त्यांचे विजय ७८३ होते. एकूण ९०० विजयांमुळे निवृत्तीच्या वेळी एनसीएएच्या प्रथम श्रेणीच्या (सर्वांत वरच्या गटाच्या) महिला बास्केटबॉलमध्ये त्यांच्या पुढे टेनेसीच्या पॅट समिट या एकट्याच होत्या. नेस्मिथ बास्केटबॉल हॉल ऑफ फेम या गौरवदालनात त्यांचा १९९८ मध्ये समावेश झाला आणि पुढच्या वर्षी नॉक्सव्हिल येथे उघडलेल्या महिला बास्केटबॉल हॉल ऑफ फेमच्या पहिल्या मानकऱ्यांतही त्या होत्या. त्यांनी चालवलेला स्वतंत्र महिला क्रीडा विभाग प्लॉन्स्की यांच्या हाताखाली पुढेही दीर्घकाळ टिकला आणि नंतर पुरुषांच्या विभागासह एकाच संचालकाच्या अखत्यारीत आणण्यात आला.