प्रकाशस्रोत आणि वनस्पतींची वाढ

सूर्य, विजेचा बल्ब, ट्यूबलाइट, सोडियम दिवा, एलईडी अशा निरनिराळ्या स्रोतांपासून मिळणाऱ्या प्रकाशाचे प्रमाण, रंग व कालावधी यांचा वनस्पतींच्या वाढीवर आणि फुलोऱ्यावर परिणाम होतो. वनस्पतीला प्रकाश दोन कारणांसाठी लागतो : अन्न तयार करण्याची ऊर्जा म्हणून आणि ऋतू ओळखण्याची खूण म्हणून. पहिल्या कामाला तो भरपूर लागतो, दुसऱ्याला अगदी थोडा पुरतो. त्यामुळे जो दिवा पिकाला पोसू शकत नाही, तो त्याला फसवू मात्र शकतो.

प्रकाशसंश्लेषणाला मुख्यतः ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश उपयोगी पडतो. हरितद्रव्य त्यातील निळा व तांबडा भाग अधिक शोषते. हिरवा प्रकाश तुलनेने कमी शोषला जात असला, तरी तो पानांच्या खालच्या थरांपर्यंत पोहोचतो आणि तेथे कामी येतो. विदर्भात निरभ्र दिवशी भर दुपारी उघड्या वावरात सुमारे एक लाख लक्स (प्रकाश मोजण्याचे एकक) प्रकाश असतो. घरात ट्यूबलाइटखाली तो काही शे लक्सच भरतो. एवढे ऊन सर्वच पिकांना मानवते असे नाही. ज्वारी प्रखर उन्हाचा पुरेपूर उपयोग करून घेते, तर अंजनगाव सुर्जी भागातील पानमळ्यांत नागवेल मुद्दाम सावलीत वाढवली जाते. कपाशी ही उन्हाची भुकेली असते. श्रावणात आठ-आठ दिवस आभाळ गच्च राहिले की तिची अन्ननिर्मिती मंदावते आणि पातेगळ, म्हणजे कोवळ्या कळ्यांची गळ, वाढते, अर्थात पातेगळीला साचलेले पाणी आणि किडीही कारण असतात. दाट पेरणीत वरची पाने तांबडा प्रकाश शोषून घेतात आणि त्याच्या पलीकडचा अतितांबडा प्रकाश खाली सोडतात. या बदललेल्या प्रमाणावरून झाडाला शेजारची गर्दी कळते व त्याची पेरे लांबतात. रोपवाटिकेतील हिरव्या शेडनेटमुळे रोप अधिक हिरवे होते, हा समज मात्र निराधार आहे. जाळीचे खरे काम ऊन कमी करणे हेच.

प्रकाश नसताना काय होते, हे नवरात्रात घरोघरी दिसते. देवघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात घटाभोवती पेरलेला गहू नऊ दिवसांत बोट-दोन बोटे नव्हे, वीतभर वाढतो, पण पिवळसर, नाजूक आणि लवलवता. ही जोमाची वाढ नव्हे. दाण्यातील साठा खर्चून उजेड गाठण्याची ती धडपड असते. या अवस्थेस पांडुरता म्हणतात.

कृत्रिम स्रोतांपैकी जुना तारेचा बल्ब बहुतेक वीज उष्णतेत घालवतो आणि त्याच्या प्रकाशात तांबडा व अतितांबडा भाग जास्त असतो. सोडियम दिव्याचा प्रकाश पिवळट-नारिंगी असून त्यात निळा भाग फार कमी असतो. पांढऱ्या एलईडीत निळ्या प्रकाशाचा काही भाग लेपाच्या साहाय्याने पिवळ्या-तांबड्यात बदललेला असतो. केवळ निळे व तांबडे एलईडी वापरून रोपे वाढवता येतात आणि उतिसंवर्धनाच्या (वनस्पतीच्या लहानशा तुकड्यापासून रोपे तयार करण्याच्या) प्रयोगशाळांत ते उपयोगी ठरतात. शेतात मात्र फुकटच्या उन्हापुढे त्यांचा हिशेब बसत नाही.

खूण म्हणून प्रकाश कसा काम करतो, याचे उत्तम उदाहरण सोयाबीन आहे. गावाच्या वेशीजवळ, रस्त्यावरील दिव्याखालच्या धुऱ्यालगत सप्टेंबरअखेर पाहिले, तर सारे वावर पिवळे पडून पाने गळत असताना दिव्याच्या उजेडाएवढा पट्टा हिरवागार उभा दिसतो. तेथील झाडे उंच, पानाळ आणि शेंगा कमी धरलेली असतात. शेतकरी त्याला सोयाबीन माजले म्हणतात आणि दोष अनेकदा खताला किंवा बियाण्याला देतात. वस्तुतः सोयाबीन ही लघुदिवसीय वनस्पती असून पुरेशी मोठी, अखंड रात्र मिळाल्यावरच ती फुलोऱ्यावर येते. नागपूरच्या अक्षांशावर जूनअखेरचा दिवस सुमारे साडेतेरा तासांचा असतो व पुढे तो लहान होत जातो. दिव्याखालच्या झाडाला मात्र रात्र मोठी झाल्याचे कळतच नाही.

अमेरिकेतील शास्त्रज्ञ गार्नर व ॲलार्ड यांनी १९२० मध्ये ही दीप्तिकालिता, म्हणजे दिवस-रात्रीच्या लांबीनुसार फुलण्याची रीत, मांडली. बिलॉक्सी जातीचे सोयाबीन वेगवेगळ्या तारखांना पेरूनही जवळजवळ एकाच सुमारास फुलते, हे त्यांच्या निरीक्षणांपैकी एक होते. पाऊस लांबून उशिरा पेरलेले सोयाबीन बुटके राहते, त्यामागेही हेच एक कारण आहे : वाढीला दिवस कमी मिळतात, फुलोरा फारसा थांबत नाही. १९३८ मध्ये हॅमनर व बॉनर यांनी शंकेश्वर या पडीतल्या तणावर प्रयोग करून दाखवले, की झाड दिवस नव्हे तर रात्र मोजते आणि मध्यरात्रीचा थोडासा उजेडही ती मोजणी मोडतो. शेवंतीचे उत्पादक याचा उलट फायदा घेऊन रात्री दिवे लावतात व फुले हव्या त्या हंगामापर्यंत लांबवतात. फायटोक्रोम हे रंगद्रव्य ही नोंद ठेवते. सुमारे ६६० नॅनोमीटरचा तांबडा प्रकाश त्याला सर्वाधिक भावतो. तो सोडियम दिव्यात असतो तसा पांढऱ्या एलईडीतही असतो, म्हणून नुसता दिवा बदलून वावराचा प्रश्न सुटत नाही. दिव्याला वावराच्या बाजूने आडोसा लावून उजेड रस्त्यापुरता ठेवावा, किंवा तेवढ्या पट्ट्यात दिवसाच्या लांबीशी देणेघेणे नसलेले पीक घ्यावे. तूरही बहुतांश लघुदिवसीयच असल्यामुळे ती तेथे पर्याय ठरत नाही.