‘दीदी’ म्हणजे ताई नव्हे, आणि ते गाणं दुबईचंही नाही

शेख खालेदचं ‘दीदी’ म्हणजे दुबईकडच्या शेखांचं गाणं, बहिणीसाठी गायलेलं, असं अजूनही कुणीतरी ठासून सांगतं. यातलं एकही खरं नाही. मुळात तो शेख नव्हे, ‘शेब’, म्हणजे तरुण.

हा गायक खालेद उत्तर आफ्रिकेतल्या अल्जीरियामधल्या ओरान या बंदराच्या शहरातला. दुबई तिथून हजारो किलोमीटर दूर. ‘दीदी’चा आपल्या ताईशी संबंध नाही, तिकडच्या बोलीत त्याचा अर्थ ‘घेऊन जा’ असा. गाणं बहिणीचं नसून प्रेमाचं आहे. ओरानकडच्या गाण्याच्या या प्रकाराला राई म्हणतात. त्यात दारू, विरह, चोरटं प्रेम असं सगळं उघडउघड येई, म्हणून सरकारी रेडिओने ते वर्षानुवर्षं दूर ठेवलं. मग ते पसरलं कसं? कॅसेटवर. रेकॉर्ड काढायला कारखाना लागतो. कॅसेटला छोटा स्टुडिओ आणि प्रती काढायची यंत्रं पुरतात. आवडलेली कॅसेट कुणीही घरी उतरवून घ्यायचा, टॅक्सीत वाजवायचा. चोरटी प्रत हीच जाहिरात! जुन्या गायिकांना ‘शेखा’ म्हणत, म्हणून नव्या पोरांनी नावापुढे ‘शेब’ लावलं. आपल्याकडे त्याचा ‘शेख’ झाला तो ऐकण्याच्या घोटाळ्यात.

1985 साली ओरानमध्ये राईचा अधिकृत महोत्सव भरला, तोवर कॅसेटवाल्यांनी काम केव्हाच उरकलं होतं. ‘दीदी’ आलं 1992 साली, तेही फ्रान्समधून, आणि तोवर खालेदने नावातलं ‘शेब’ही गाळलं होतं.