बाळगणे आणि विकणे : अमली पदार्थ कायद्यात हेतूची जागा वजनाने कशी घेतली

अमली पदार्थांसह कोणी पकडले गेले की माल स्वतःच्या सेवनासाठी होता की विक्रीसाठी, हा प्रश्न लगेच चर्चेत येतो. अमेरिकेत 'विक्रीच्या हेतूने बाळगणे' हा वेगळा आणि अधिक गंभीर आरोप असतो. भारतीय कायद्यात मात्र बाळगणे, विकणे, विकत घेणे आणि वाहून नेणे ही कृत्ये एकाच कलमात शेजारीशेजारी बसलेली आहेत आणि शिक्षा मुख्यतः मालाच्या वजनावर ठरते.

ब्रिटिश काळातील अफूविषयक कायदे आणि १९३०चा धोकादायक औषधांचा कायदा मागे टाकून, १९६१च्या आंतरराष्ट्रीय कराराला अनुसरून, १४ नोव्हेंबर १९८५ रोजी गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, म्हणजे बोलीतला 'एनडीपीएस', अमलात आला. त्यात बहुतेक गुन्ह्यांना किमान दहा वर्षे सक्तमजुरी होती. कलम २७ हीच काय ती पळवाट होती. माल अल्प प्रमाणात असेल आणि तो स्वतःच्या सेवनासाठीच होता, विक्री वा वाटपासाठी नव्हता, हे आरोपीने सिद्ध केले, तर पदार्थानुसार सहा महिने किंवा एक वर्षापर्यंत शिक्षा होई. म्हणजे हेतूला महत्त्व होते, पण तो सिद्ध करण्याचा भार आरोपीवर होता. शिवाय 'अल्प' याची व्याख्याही फार तोकडी होती : हेरॉइन २५० मिलिग्रॅम, चरस ५ ग्रॅम.

या मर्यादेचा काच गोव्यातील एका खटल्यात उघड झाला. एका परदेशी नागरिकाजवळ चरसचे दोन तुकडे सापडले, सोबत ओढण्याचे साहित्यही होते. त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. पोलिसांनी मात्र रासायनिक तपासणीसाठी दोनपैकी एकच तुकडा पाठवला होता आणि तो पाच ग्रॅमपेक्षा कमी भरला. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेवढाच तुकडा चरस म्हणून सिद्ध झाल्याचे मानले, माल सेवनासाठी होता हेही स्वीकारले आणि शिक्षा सहा महिन्यांवर आणली. दहा वर्षे आणि सहा महिने यांतले अंतर एका न पाठवलेल्या तुकड्यावर अवलंबून राहावे, हे कायद्याच्या रचनेबद्दल पुरेसे बोलके आहे.

दरम्यान १९८९च्या दुरुस्तीने जामिनाच्या अटी कडक करून कायदा आणखी आवळला होता. व्यसनी माणूस आणि तस्कर एकाच मापाने मोजले जातात, ही तक्रार अखेर २००१च्या दुरुस्तीत ऐकली गेली. अल्प, मधले आणि व्यापारी असे तीन टप्पे आले. गांजासाठी अल्प मर्यादा १ किलो आणि व्यापारी मर्यादा २० किलो, चरससाठी १०० ग्रॅम आणि १ किलो, हेरॉइनसाठी ५ ग्रॅम आणि २५० ग्रॅम ठरली. व्यापारी प्रमाणाला किमान दहा वर्षे शिक्षा राहिली आणि कलम ३७ची जामिनाची कठोर अट मुख्यतः त्यालाच लागू झाली. कलम २७ मात्र केवळ सेवनापुरते उरले, 'सेवनासाठी बाळगणे' हा बचाव त्यातून गेला.

साहजिकच वाद हेतूवरून वजनावर सरकला. ४ किलोंहून अधिक भुकटीत शुद्ध हेरॉइन जेमतेम ६० ग्रॅम असेल तर मोजायचे काय? २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शुद्ध अंश मोजावा असे म्हटले, २००९ मध्ये केंद्राने अधिसूचनेने संपूर्ण मिश्रण धरले आणि २०२० मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने २००८चा निर्णय चुकीचा ठरवून मिश्रणाच्याच बाजूने कौल दिला. किरकोळ विक्रेत्याच्या पुड्यांत भेसळच अधिक असते, त्यामुळे हा निकाल त्यालाच जास्त जड जातो, असे माझे मत आहे.

हेतू मागच्या दाराने परत येतो तो कटाच्या आरोपातून. २०२१च्या मुंबईतील क्रूझ प्रकरणात काही आरोपींना जामीन देताना मुंबई उच्च न्यायालयाने, एकाच जहाजावरून प्रवास करणे हा कटाच्या आरोपाचा पाया होऊ शकत नाही, असे स्पष्ट केले.