निकाल अजून जिवंत आहे का? इंडियन कानून आणि केस स्टेटस यातला घोळ

पेटंटच्या कामात असलेल्या कुणालाही विचारा की केस लॉ कसा फॉलो करतोस, तर उत्तर ठरलेलं असतं: "इंडियन कानूनवर (निकाल शोधायची वेबसाइट) अलर्ट लावलाय ना, नवा निकाल आला की ईमेल येतो." नाहीतर दुसरं: "कोर्टाच्या साइटवर केस नंबर टाकून स्टेटस बघत असतो, कळतं सगळं." दोघांनाही वाटतं आपण एकच काम दोन रस्त्यांनी करतोय. तसं नाहीये. ही दोन कामं वेगळी आहेत, एक केलं म्हणून दुसरं होत नाही, आणि हे मी इतक्या जणांना फोनवर समजावलंय की आता एकदाचं नीट लिहूनच काढते.

निमित्त ताजं आहे. गेल्या महिन्यात एका ज्युनिअरने क्लायंटला पाठवायचा सल्ला लिहून आणला. प्रश्न डिव्हिजनल अर्जाचा होता, म्हणजे मूळ पेटंट अर्जातून दुसरा इन्व्हेन्शन वेगळा काढून केलेल्या अर्जाचा. त्याने लिहिलेलं की दुसरा इन्व्हेन्शन मूळ अर्जाच्या क्लेम्समध्ये (ज्यावर हक्क मागितलाय तो भाग) नव्हता, फक्त स्पेसिफिकेशनमध्ये (सविस्तर वर्णनात) होता, म्हणून डिव्हिजनल होणार नाही, आणि आधार दिला होता दिल्ली हायकोर्टाच्या बोएरिंगर इंगेलहाइम या औषध कंपनीच्या प्रकरणातल्या निकालाचा, जुलै २०२२ चा. निकाल खरा, परिच्छेद बरोबर, तारीखही बरोबर. फक्त तो मुद्दा त्याच कोर्टाच्या डिव्हिजन बेंचने (दोन न्यायमूर्तींचं पीठ) ऑक्टोबर २०२३ मध्येच उलटवलाय. क्लायंटने तो सल्ला ऐकला असता तर हक्काचा अर्ज सोडून दिला असता. आणि पोरगा आळशी अजिबात नाही, त्याने स्टेटससुद्धा तपासलं होतं! बोएरिंगरचं प्रकरण डिस्पोज्ड (निकाली), वर अपील दिसत नाही, म्हणजे कायदा पक्का, असं त्याने धरलं.

आधी इंडियन कानून पटकन उरकते, कारण ते सगळ्यांना येतं. २००८ पासून आहे, शोधायला पैसे लागत नाहीत, शब्द टाकला की सुप्रीम कोर्ट, हायकोर्टं, ट्रिब्युनल सगळ्यांचे निकाल समोर येतात. लक्षात ठेवायचं एवढंच की यादी आपोआप रेलेव्हन्सप्रमाणे लागते, तारखेप्रमाणे लागत नाही, त्यामुळे जुना गाजलेला निकाल वर बसतो आणि त्याला खोडणारा नवा कुठेतरी तिसऱ्या पानावर पडलेला असतो. सॉर्ट बदलायला दोन सेकंद लागतात, ती कृपया द्या. आणि परिच्छेदांना हल्ली लेबलं लागतात, हा वादीचा युक्तिवाद, हे कोर्टाचं मत वगैरे, ती मशीनने लावलेली असतात. वकिलाचा युक्तिवाद कोर्टाचं मत म्हणून चिकटवलेले ड्राफ्ट मी पाहिलेत, ते वाचून खरंच राग येतो, कारण वरखाली दोन परिच्छेद वाचले असते तरी कळलं असतं.

केस स्टेटस म्हणजे ई-कोर्ट्सची सेवा, किंवा त्या त्या हायकोर्टाची आणि सुप्रीम कोर्टाची स्वतःची साइट. केस नंबर, पक्षकाराचं नाव किंवा १६ अक्षरी सीएनआर (त्या प्रकरणाचा स्वतःचा ओळख क्रमांक) टाकायचा, की पुढची तारीख, आतापर्यंतचे आदेश, कुठल्या कोर्टरूममध्ये आहे ते दिसतं. ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये प्रकरणं सेव्ह करून ठेवता येतात, ते मला फार आवडतं. मुंबई हायकोर्टात आधी बेंच आणि साइड निवडावी लागते, ओरिजिनल (थेट दाखल झालेली प्रकरणं) की अपेलेट (अपिलं), तिथे चुकलात तर रेकॉर्ड सापडलं नाही असं येतं आणि लोक समजतात केसच नाहीये. असो, हे सगळं दोन दिवसांत हाताला लागतं.

आता मुख्य मुद्दा, ज्याच्यासाठी एवढं बसून लिहितेय.

एखादा निकाल दोन तऱ्हेने निकामी होतो. एक म्हणजे त्याच भांडणात कुणीतरी वर गेलं आणि वरच्या कोर्टाने तो फिरवला. दुसरी म्हणजे त्या भांडणाशी काही संबंध नसलेल्या, तिसऱ्याच कुणाच्या प्रकरणात मोठ्या बेंचने म्हटलं की तो निकाल कायद्याला धरून नाही. पहिलं पकडायला खटल्याच्या मागावर राहावं लागतं, म्हणजे केस स्टेटस. दुसरं केस स्टेटसमध्ये कधीच दिसणार नाही, कारण त्या खटल्यात काही घडलेलंच नसतं. ते पकडायला त्या निकालाचा उल्लेख पुढे कोणी कोणी केला ते बघावं लागतं, म्हणजे इंडियन कानूनवरची साइटेड बाय यादी. ही गोष्ट एकदा डोक्यात बसली की बाकी सगळा घोळ सुटतो.

पहिल्या तऱ्हेचं उदाहरण आपल्या मातीतलं घेते, बीटी कापसाचं. विदर्भात मराठवाड्यात ज्याने बोलगार्ड-२ या बीटी बियाण्याचं पाकीट बघितलं नाही असा शेतकरी सापडणार नाही. त्यातल्या जनुकावरचं मोन्सँटोचं पेटंट, नंबर २१४४३६, आणि भारतात ते तंत्रज्ञान बियाणं कंपन्यांना देणारी महिको मोन्सँटो, म्हणजे जालन्याच्या महिकोची भागीदारी असलेली कंपनी. नुझिवीडू सीड्स या बियाणं कंपनीशी वाद झाला आणि प्रकरण दिल्ली हायकोर्टात गेलं, सीएस(कॉम) १३२/२०१६. मार्च २०१७ मध्ये सिंगल जजनी अंतरिम व्यवस्था लावून दिली, पेटंट वैध की अवैध ते पुराव्यानंतर बघू म्हणाले. मग दोन्ही बाजू अपिलात, आणि ११ एप्रिल २०१८ ला डिव्हिजन बेंचने पेटंट कायद्याचं कलम ३(जे) (वनस्पती, बियाणं वगैरेंना पेटंट नाही) लावून पेटंटच अवैध ठरवलं. त्या दिवशी बातम्यांचा पाऊस पडला. मग ८ जानेवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टाने तो निकाल रद्द केला, म्हणाले असला तांत्रिक मुद्दा पुरावा न घेता असा झटपट ठरवता येत नाही, आणि प्रकरण परत सिंगल जजकडे पाठवलं. २०१९ च्या बातम्यांमध्ये "पेटंट वैध ठरलं" असंही छापून आलं, तेही चूक! वैध ठरवलं नव्हतं, वैध की अवैध हा प्रश्न पुन्हा उघडा ठेवला होता.

आता यात स्टेटसवाला कुठे फसतो ते बघा. हायकोर्टातल्या अपिलाचा नंबर एफएओ(ओएस)(कॉम) ८६/२०१७, सुप्रीम कोर्टातला सिव्हिल अपील ४६१६-४६१७/२०१८. तीन पायऱ्या, तीन वेगळे नंबर. एप्रिल २०१८ नंतर तुम्ही फक्त अपिलाचा नंबर सेव्ह करून बसलात तर तिथे डिस्पोज्ड एवढंच दिसत राहणार, कारण त्या कोर्टापुरतं काम खरंच संपलेलं असतं. डिस्पोज्ड म्हणजे या टेबलावरून फाइल उठली, बस्स. फाइल घरी गेली की वरच्या मजल्यावर गेली हे ते पान सहसा सांगत नाही. डिस्पोज्ड या शब्दाचा अर्थ अंतिम असा धरणं, ही मी बघितलेली सगळ्यात कॉमन आणि सगळ्यात महागडी चूक आहे.

त्यात नावंही उलटतात. जो हरतो तो अपील करतो म्हणून त्याचं नाव आधी येतं. सिंगल जजसमोर मोन्सँटो विरुद्ध नुझिवीडू, डिव्हिजन बेंचचा निकाल सगळीकडे नुझिवीडू विरुद्ध मोन्सँटो म्हणून ओळखला जातो, सुप्रीम कोर्टात पुन्हा मोन्सँटो विरुद्ध नुझिवीडू. त्यामुळे पक्षकाराच्या नावाने शोधताना दोन्ही नावं टाकून बघायची, वादी म्हणून एकदा आणि प्रतिवादी म्हणून एकदा. आणि सुप्रीम कोर्टाच्या साइटवर एक सोय आहे जी फारच कमी लोक वापरतात: केस स्टेटसमध्ये खालच्या कोर्टाचा तपशील टाकून शोधता येतं, म्हणजे हायकोर्टाचा केस नंबर दिला की त्यावरून वर काही दाखल झालंय का ते कळतं. सुप्रीम कोर्टात नंबर स्वतःच बदलत जातो, आधी डायरी नंबर, मग एसएलपीचा (अपिलाची परवानगी मागणारी याचिका), परवानगी मिळाली की सिव्हिल अपिलाचा, म्हणून खालच्या नंबरावरून वर चढणं हाच मला खात्रीचा मार्ग वाटतो.

दुसरी तऱ्हा म्हणजे बोएरिंगर. सिंगल जजनी १२ जुलै २०२२ ला म्हटलं की पेटंट कायद्याच्या कलम १६ खाली डिव्हिजनल हवा असेल तर एकाहून जास्त इन्व्हेन्शन मूळ अर्जाच्या क्लेम्समध्ये दिसले पाहिजेत. पुढे सिंजेन्टा नावाच्या कंपनीचं वेगळंच प्रकरण आलं, तिथल्या सिंगल जजना हे पटलं नाही, त्यांनी प्रश्न डिव्हिजन बेंचकडे पाठवला, आणि १३ ऑक्टोबर २०२३ ला डिव्हिजन बेंच म्हणाली की स्पेसिफिकेशनमध्ये एकाहून जास्त इन्व्हेन्शन सांगितलेले असले तर पुरे, क्लेम्समध्येच हवेत असं कलम म्हणत नाही. बघा, बोएरिंगरने काही केलं नाही, कंट्रोलरने (अर्जावर निर्णय देणारा पेटंट ऑफिसचा अधिकारी) काही केलं नाही, त्यांचं प्रकरण शांत पडून होतं आणि त्यातला कायदा मात्र निघून गेला. आमच्या ज्युनिअरने बोएरिंगरचा नंबर रोज सकाळ-संध्याकाळ तपासला असता तरी त्याला हे कळलं नसतं. इंडियन कानूनवर बोएरिंगर उघडून साइटेड बाय वर क्लिक केलं असतं आणि नवे वर घेतले असते तर पाच मिनिटांत सिंजेन्टा समोर आलं असतं.

मग अलर्ट असून का कळलं नाही? कारण अलर्ट तुम्ही दिलेल्या शब्दांवर चालतो. त्याचा अलर्ट होता डिव्हिजनल आणि क्लेम्स अशा शब्दांवर, रोज ढीगभर ईमेल, त्यात सिंजेन्टा आलंही असेल आणि न उघडता गेलंही असेल. ईमेलमध्ये कुठे लिहिलेलं नसतं की हा निकाल तुमच्या त्या निकालाला मारतोय. शब्दांवर अलर्ट लावण्यापेक्षा ज्या निकालांवर आपला सल्ला उभा आहे त्या निकालांच्या नावांवर अलर्ट लावा, ईमेल कमी येतात आणि जे येतात ते कामाचे असतात. यावर माझं मत अगदी ठाम आहे.

पैसे देऊन घ्यायच्या सेवांमध्ये, एससीसी ऑनलाइन किंवा मनुपात्रामध्ये, माणसं बसून हेडनोट (निकालाचा सारांश) आणि ओव्हररूल्डच्या (निकाल खोडला गेल्याच्या) नोंदी करतात, परवडत असेल तर जरूर घ्या. पण तिथे लाल खूण नाही म्हणून निकाल ठीक असं धरू नका, खूण नसणं म्हणजे तपासलंय असं नव्हे.

इंपासचं काय, असं कुणीतरी विचारेलच. ते पेटंट ऑफिसचं ऑनलाइन शोध-पान आहे, तिथे अर्जाची फाइल दिसते, एफईआर (पहिला तपासणी अहवाल), उत्तर, हिअरिंगची नोटीस, कंट्रोलरचा आदेश. एका अर्जाचं काय झालं ते कळायला उत्तम, केस लॉ शोधायला नाही. कंट्रोलरने नाकारल्यावर कलम ११७ए खालचं अपील एप्रिल २०२१ पर्यंत आयपीएबीकडे (बौद्धिक संपदेच्या अपिलांचं ट्रिब्युनल) जायचं, ते बंद झाल्यापासून हायकोर्टात जातं, आणि तेव्हा आयपीएबीत पडून असलेल्या प्रकरणांना हायकोर्टात नवे नंबर मिळाले. आयपीएबीतला जुना ओए नंबर घेऊन शोधत बसलात तर काही सापडणार नाही, नावाने शोधा.

आणि एक, अंतरिम आदेशाला कृपया निकाल म्हणू नका. रोश विरुद्ध सिप्ला, एर्लोटिनिब या कॅन्सरच्या औषधाचं प्रकरण, दिल्ली हायकोर्टातच चारदा आलंय: २००८ आणि २००९ ला अंतरिम मनाई नाकारली, २०१२ ला ट्रायलनंतर पेटंट वैध पण सिप्लाने भंग केलेला नाही, २०१५ ला डिव्हिजन बेंच म्हणाली भंग केलाय. वर्ष न घालता "रोश-सिप्लामध्ये कोर्टाने म्हटलंय" असं लिहिणाऱ्याला मी ड्राफ्ट परत पाठवते. ग्रुपवर केस नंबर कापलेली पीडीएफ फिरवणाऱ्यांनाही हेच सांगणं आहे, आता तर न्यूट्रल सायटेशन (कोर्टाने स्वतः निकालाला दिलेला क्रमांक) निकालावरच छापलेलं असतं, ते तेवढं सोबत टाका.

मी स्वतः एक साधी एक्सेल शीट ठेवते. ज्या निकालावर सल्ला दिला त्याचं नाव, न्यूट्रल सायटेशन, कोर्ट, केस नंबर, दोन्ही पक्षकार, आणि पुढे दोन कॉलम: स्टेटस कधी बघितलं, साइटेड बाय कधी बघितलं. दोन वेगळे कॉलम, मुद्दाम. कमर्शियल सूटमधल्या (व्यापारी दाव्यातल्या) आदेशावर अपिलाला ६० दिवस असतात आणि एसएलपीला साधारण ९०, म्हणून नव्या निकालानंतर त्या दोन तारखा कॅलेंडरवर टाकते, शिवाय त्यानंतर महिनाभराने एकदा, कारण उशीर माफ करून घेतलेली अपिलं पुष्कळ असतात. साइटेड बायला मात्र अशी मुदत नाही, कुठला निकाल पाच वर्षांनी पडेल सांगता येत नाही, म्हणून तो कॉलम सल्ला देण्याच्या दिवशी सकाळी पुन्हा भरायचा.

त्या ज्युनिअरने आता शीट सुरू केलीय, पहिली ओळ बोएरिंगरची. क्लायंटला नवा सल्ला गेला आणि मूळ अर्ज ग्रँट व्हायच्या आत डिव्हिजनल दाखलही झाला, ग्रँट झाला असता तर कलम १६ खाली तो दरवाजाच बंद होता.